मीटर कोणीं वाचावा ?

तराजू दुकानदाराच्या हातांत असला, तरी त्याचा कांटा गिऱ्हाइकास दिसला पाहिजे, असा आमच्या बाजारांतील जुना संकेत आहे. मोशेच्या नियमशास्त्रांतही पिशवींत लहानमोठीं अशीं दोन वजनें बाळगण्यास मनाई आहे. विजेचा मीटर हा एक तराजूच होय. महावितरण कंपनीनें राज्यांतील जुने मीटर काढून नवे 'स्मार्ट' मीटर बसविण्याचें काम हातीं घेतल्यापासून घरोघरीं जी कुजबूज चालली आहे, तिचा विचार ह्या दृष्टीनें व्हावा असें आम्हांस वाटतें.

प्रथम यंत्र समजून घेऊं. आमच्या लहानपणच्या मीटरांत अ‍ॅल्युमिनियमची तबकडी फिरे. वीज अधिक लागली कीं ती अधिक वेगानें फिरे. महिन्यांतून एकदां माणूस येऊन आंकडा टिपून नेई, आणि दाराला कुलूप असलें तर 'सरासरी' बिल येई. नवा मीटर दर पंधरा किंवा तीस मिनिटांचा वापर आपल्या स्मरणांत ठेवतो, मोबाइलच्या जाळ्यांतून तो कंपनीकडे पाठवितो, आणि तिकडून आज्ञा आली म्हणजे घराचा पुरवठा तोडूं अथवा जोडूंही शकतो. एक हजार वॉटचें उपकरण एक तास चाललें म्हणजे एक युनिट, हें माप मात्र जुनेंच आहे.

नवा मीटर आला कीं बिल फुगतें, अशी तक्रार सर्वत्र ऐकूं येते. ती सारी खोटी म्हणतां येत नाहीं, व सारी खरीही नाहीं. झिजलेली तबकडी मंद फिरते, आणि एखाद्या लहान दिव्याची वीज तिच्या हिशेबांतून निसटते. अशा घरीं खरें माप आलें कीं आंकडा वाढणारच. तारेवर आंकडा टाकून वीज घेणाऱ्यास तर कोणताच मीटर गोड लागणार नाहीं; पिशवींतील दुसरें वजन त्याचेंही आहे. परंतु यंत्रही चुकतें. म्हणून २०२४ सालीं केंद्र सरकारनें ग्राहकहक्कांच्या नियमांत एक चांगली भर घातली. मापाविषयीं तक्रार आल्यास वीज कंपनीनें पांच दिवसांच्या आंत दुसरा पडताळणी-मीटर बसवून निदान तीन महिने दोहोंचा मेळ पाहावा, असें त्यांत आहे. हा नियम किती घरीं ठाऊक आहे ?

खरें भय आगाऊ पैसे भरण्याच्या पद्धतीचें होतें. २०२१ सालच्या केंद्राच्या योजनेंत देशभर पंचवीस कोटी प्रीपेड मीटर बसविण्याचें योजिलें होतें. महाराष्ट्रांत विरोध वाढल्यावर जून २०२४ मध्यें सामान्य ग्राहकांवर प्रीपेड मीटरची सक्ती होणार नाहीं, अशी घोषणा झाली. पुढें जे मीटर बसूं लागले, त्यांचें बिल वापरानंतरच येतें. हें योग्य झालें असें आमचें स्पष्ट मत आहे. २००३ च्या वीज कायद्यान्वयें थकबाकीसाठीं पुरवठा तोडण्यापूर्वीं पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. श्रावणांत व महाशिवरात्रीस घृष्णेश्वरापुढें फुलें विकणाऱ्याची मिळकत बाराही महिने सारखी नसते. त्याला ते पंधरा दिवस म्हणजे मोठा आधार; परीक्षेच्या आदल्या रात्रीं शिल्लक संपून घर काळोखांत जावें, हा कसला हिशेब ?

आतां वेळेप्रमाणें दर. दिवसां सूर्याची वीज विपुल असते, सायंकाळीं मागणी वाढते. म्हणून २०२३ च्या केंद्रीय नियमांनीं उन्हाच्या वेळीं दर निदान वीस टक्के कमी व गर्दीच्या वेळीं अधिक ठेवण्यास सांगितलें. महावितरणनेंही २०२५ सालीं स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांस सकाळीं ९ ते सायंकाळीं ५ ह्या वेळेंत युनिटमागें ८० पैशांपासून सवलत जाहीर केली. कल्पना शहाणपणाची आहे. वेरूळचीं लेणीं सूर्योदयास उघडतात व सूर्यास्तास बंद होतात. तेव्हां तेथील रसवंतीवाल्याचा अन् चहावाल्याचा व्यवहार दिवसाउजेडींच होतो, आणि दिवसाचा स्वस्त दर त्यांस मिळाला तर तो त्यांच्या उपयोगाचा. पण जीं आईबापें दिवसभर शेतांत वा मोलमजुरीस असतात, त्यांचा दिवा, पंखा आणि मुलांचा अभ्यास रात्रींचाच. त्यांनीं कपडे धुण्याचें यंत्र दुपारीं लावावें, असा उपदेश करणाऱ्यानें तें यंत्र त्यांच्या घरीं आहे कीं नाहीं तें आधीं पाहावें !

वापर मोबाइलवर पाहतां येतो, असें सांगतात. ज्या घरीं एकच मोबाइल, आणि तो वडिलांबरोबर दुकानीं गेलेला, त्या घरीं आईनें तराजूचा कांटा कोठें पाहावा ? तो मीटरच्या कांचेवरच पाहावा लागेल. आणि हें काम आमच्या विद्यार्थ्यांचें आहे. दर रविवारीं ठरल्या वेळीं युनिटांचा आंकडा वहींत लिहावा, मागील आठवड्याचा वजा करावा, व बिल आलें कीं बेरीज ताडून पाहावी. ज्यांच्या घरीं मीटर अद्याप बदलावयाचा आहे, त्यांनीं कामगार जुना मीटर उतरविण्यापूर्वीं त्यावरचा शेवटचा आंकडा व नव्यावरचा पहिला आंकडा टिपून घ्यावा, आणि त्या कागदावर त्याची सही घेतल्यावांचून त्यास जाऊं देऊं नये.