रिकार्डोला रीतसर निरोप हवा होता



‘कामगिरी नाही, तर जागा नाही’ हे मागील अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे अर्धेच खरे आहे. २०२४ च्या फॉर्म्युला वन हंगामात डॅनियल रिकार्डो मागे पडत होता, मान्य. पण सिंगापूरची शर्यत आपली शेवटची, हे त्याला उघडपणे सांगता आले नाही. त्याच्या जागी लियाम लॉसनचे नाव शर्यतीनंतर चार दिवसांनी जाहीर झाले. आठ शर्यती जिंकलेल्या चालकाला ही वागणूक?

शिवाय जागा नेहमी कामगिरीवरच ठरते, असेही नाही. २०११ मध्ये याच रिकार्डोसाठी आपल्या नारायण कार्तिकेयनला एचआरटी संघाची गाडी हंगामाच्या मध्यातच सोडावी लागली. रिकार्डोमागे रेड बुलचे पाठबळ होते. ऑक्टोबरात भारतातल्या बुद्ध सर्किटवरील शर्यतीत परतलेला नारायण १७वा आला, रिकार्डोच्या पुढे. तेव्हा निकष निव्वळ वेगाचा नसतो. संघांनी चालक जरूर बदलावेत, पण शर्यतीआधी जाहीर करून.

– एक वाचक, नाशिक