छंद थांबवावा कधी?

निवृत्तीनंतर वेळ कसा घालवू, असे कुणी विचारले की आम्हा डॉक्टरांचे उत्तर ठरलेले असते : एखादा छंद जोपासा. वसईत गेली तीसेक वर्षे मीही हेच सांगत आलो आहे. छंदाने मन रमते, शांत झोप लागते, घरातली किरकिर कमी होते, यात खोटे काही नाही. पण छंद थांबवावा कधी, हे मी कुणाला सांगितले नव्हते. सांगण्याची वेळ येईल असे वाटलेही नव्हते. माझ्या एका रुग्णाने, आपण त्यांना काका म्हणू, मला तो धडा दिला. त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील वगळून हे लिहीत आहे.

काका विरारकडचे, सत्तरी ओलांडलेले. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, तरी पुढे काही वर्षे जुने आणे-पैसे हातोहात फिरत होते. सहा-सात वर्षांच्या या मुलाला आईने बाजारातून आल्यावर एक भोकाचा पैसा खेळायला दिला. युद्धकाळात, १९४३ पासून, तांबे वाचवण्यासाठी काढलेला हा पैसा. तो त्यांनी खर्च केला नाही आणि तिथून सुरुवात झाली. मग ढब्बू पैसे आले, चवल्या, पावल्या आल्या, कुणाच्या देव्हाऱ्यातली शिवराई आली. नोकरीच्या काळात विरार लोकलमध्ये भाजीवाल्या मावश्या त्यांच्यासाठी वेगळी दिसणारी मोड बाजूला काढून ठेवत. दवाखान्यात आले की खिशातून एखादे नाणे काढून माझ्या हातावर ठेवायचे. ‘‘डॉक्टर, एका बाजूला इंग्रजांचा राजा आणि दुसऱ्या बाजूला वाघ. साल बघा, सत्तेचाळीस!’’ आपल्या वसईतही पोर्तुगीजांची टांकसाळ होती, हे मला आधी त्यांच्याकडूनच कळले. बाहेर पेशंट खोळंबायचे, पण मीही ऐकत बसायचो.

काही वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनचे निदान झाले. मुंबईच्या तज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या, थरथर आटोक्यात आली. ‘‘नाणी चालू आहेत ना?’’ मी विचारायचो. ‘‘जोरात!’’ ते म्हणायचे. मी खूश. मेंदूला काम मिळते आहे, आणखी काय हवे?

असे दीड-दोन वर्षे चालले. मग एके दुपारी काकू एकट्याच आल्या. बी. पी. वाढलेले. गोळी लिहून देत होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, यांची नाणी आता बघवत नाहीत मला.’’ मग सगळे बाहेर आले. दर दोन दिवसांनी कुरिअर यायचे. काका रात्री दोन वाजता उठून मोबाइलवर बोली लावायचे. १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मीळ, म्हणून घसघशीत पैसे मोजून घेतला, तर तो १९३८ चा निघाला. शेवटचा आकडा कुणीतरी कोरून बदलला होता. पूर्वी भिंगातून अशी लबाडी काका लांबून ओळखत. तुमच्याकडच्या वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याचे लाखो रुपये मिळतील, आधी फी भरा, असा मेसेज आला आणि त्यांनी ती फीही भरली. (अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना दिली होती. बँक असे व्यवहार करीत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही.) हे कमी म्हणून की काय, काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली ठेव मोडली गेली होती.

‘‘दारू पीत असते तर चार माणसांत बोलता तरी आले असते,’’ काकू म्हणाल्या. ‘‘नाण्यांबद्दल कुणाकडे रडू?’’

त्या गेल्यावर मी काकांचे कागद पुन्हा काढले. कंपवातात मेंदूतले डोपामाइन कमी पडते. त्याचेच काम करणाऱ्या प्रामिपेक्सॉल, रोपिनिरोल अशा गोळ्या देतात. गोळ्या चांगल्या आहेत, पण काही रुग्णांत त्या मनाचा ब्रेक सैल करतात. कुणी जुगाराला लागतो, कुणी खात सुटतो, कुणी खरेदी करत सुटतो. अमेरिका व कॅनडातील तीन हजारांहून अधिक रुग्णांची एक पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के रुग्णांत असा प्रकार आढळला, न घेणाऱ्यांत सुमारे ७ टक्के. काका हीच गोळी घेत होते. मला हे ठाऊक होते. परंतु ‘जोरात’ या शब्दावर मी खूश झालो आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही. विचारला असता तर ती ठेव वाचली असती.

तज्ज्ञांना चिठ्ठी लिहिली. त्यांनी गोळी हळूहळू कमी करून दुसरे औषध वाढवले. इथे एक बजावून सांगतो. हे वाचून कुणीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये, एकदम बंद केल्यास भलताच त्रास होतो. तीनेक महिन्यांत कुरिअर थांबले. काका म्हणाले, ‘‘आतून कोणीतरी ढकलत होतं, डॉक्टर. नाणं हातात आलं तरी बघत नव्हतो. लगेच पुढचं पाहिजे.’’ कपाटात न उघडलेली अठरा पाकिटे निघाली.

मला वाटते, खूण हीच. जो माणूस एका भोकाच्या पैशावर अर्धा तास बोलायचा, त्याची पाकिटे बंदच राहिली होती. छंद आणि हाव यांतला फरक किमतीवर किंवा नाण्यांच्या संख्येवर ठरत नाही. घरच्यांनी एवढेच पाहावे की, माणूस आपल्या वस्तूंकडे अजून बघतो का, त्याबद्दल बोलतो का. शिवाय झोप, औषधपाणी आणि घरातल्या दुसऱ्याची गरज, यांतले काही छंदाने खाल्ले असेल तर थांबायची वेळ झालीच. बदल अचानक झाला असेल तर डॉक्टरांना सांगा, लाजू नका. स्वभावातला असा बदल कधी कधी स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकाराची सुरुवातही असू शकतो.

ज्यांना असला काही आजार नाही, त्यांनाही एक दिवस थांबावे लागतेच. मोतीबिंदूने साल वाचता येत नाही, बोटांतून नाणे निसटते. तरी माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढणारे आजोबा असतातच, आणि त्यांचे खुबे मोडलेले मी पाहिले आहेत.

पुण्याच्या दिनकर केळकरांचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. चष्म्याचा धंदा सांभाळून या गृहस्थाने दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्ये असा प्रचंड संग्रह केला. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्याच नावाने संग्रहालय उभे केले आणि १९७५ साली सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. तेव्हा ते एकोणऐंशी वर्षांचे होते. १९९० साली ते वारले, म्हणजे दिल्यानंतरही पंधरा वर्षे आपल्या वस्तू लोक पाहताहेत हे त्यांनी पाहिले. मागे राहिलेल्यांनी वजनावर विकण्यापेक्षा हे किती बरे! आपल्यापाशी केळकरांएवढे नसते हे खरे, पण कुठली वस्तू कुठून आली हे सांगणारा माणूस शुद्धीवर असतानाच ती दुसऱ्या हाती जावी, ही गोष्ट लहान डब्यालाही लागू आहे. (माझ्या आजीच्या पावल्यांचा डबा माझ्याही कपाटात आहे. मुलाला तो अजून दाखवलेला नाही.)

औषध बदलल्यावर काका पुन्हा पहिल्यासारखे झाले. वाटले असते तर छंद पुढे चालवता आला असता. पण त्यांनी आपणहून ठरवले. नातीला बसवून वहीत एकेक नाणे लिहून घेतले : कुठे मिळाले, कुणी दिले, किती दिले. लिहायला सात रविवार लागले. चांदीची नाणी दोन ठिकाणी दाखवून विकली. काकूंचा गुडघा त्यातच झाला. उरलेली वहीसकट नातीकडे गेली. पहिल्या दिवशी घरात करमेना, म्हणून काका अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जाऊन बसले होते, असे काकूंनी सांगितले.

परवा दोघे तपासणीला आले. काकू काठी न घेता तीन पायऱ्या चढून आल्या. काकांचे बी. पी. घ्यायला बाही वर केली, तेव्हा सदऱ्याच्या खिशात काहीतरी खुळखुळले. मी बघितले. ‘‘एकच आहे, डॉक्टर,’’ काका म्हणाले. ‘‘आणि तुमच्या दवाखान्याची किल्ली. मागच्या वेळी टेबलावर विसरलात, मीच उचलून नेली चुकून.’’ किल्ली ठेवून त्यांनी नाणे परत खिशात टाकले. भोकाचा पैसा होता.