जुन्या गेमला मशीन घेताना

जुना गेम खेळायला सेकंडहँड कॉम्प्युटर घ्यायचाय म्हटलं, की दुकानदार आणि मित्र दोघंही एकच सल्ला देतात: "आहे त्या पैशात बसेल ते सगळ्यात दणकट मशीन घे." माझं मत बरोब्बर उलट आहे. खिशाकडे नंतर बघा, आधी गेमचं साल बघा.

आपला एज ऑफ एम्पायर्स २ घ्या. गेम १९९९ चा. मागणी काय, तर पेंटियम १६६ मेगाहर्ट्झ आणि ३२ एमबी रॅम! त्याच्यासमोर महागडं ग्राफिक्स कार्ड म्हणजे भाजी चिरायला तलवार. बरं, नव्या मशीनवर तो नीट चालेल असंही नाही. विंडोज ७ वर याच गेमचे रंग बिघडायचे, गवत आणि पाणी भलत्याच रंगाचं दिसायचं. आणि त्या काळच्या कित्येक सीड्यांवर सेफडिस्कचं कुलूप असे. ते विंडोज १० (२०१५) उघडतच नाही.

मग थेट १९९९ चंच मशीन शोधायचं? तेही नको. त्या सुमाराच्या आणि पुढच्या चार-पाच वर्षांतल्या बऱ्याच मदरबोर्डांचे कपॅसिटर फुगून मेले. मधलं पकडा. २००६ नंतरचं कोअर २ ड्युओ, एखाद्या ऑफिसातून निघालेलं. एक्सपीचे ड्रायव्हर मिळतात, ऑनबोर्ड ग्राफिक्स पुरतं. आणि हिशोब लिहिण्यात आयुष्य गेलेल्या मशीनला रात्र-रात्र कुणी पिळलेलं नसतं!

लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर गल्लीतल्या दुकानात, झाकण उघडायला सांगा. कपॅसिटरची डोकी सपाट हवीत. अर्धा तास चालू ठेवून पंख्याचा आवाज ऐका. तारीख-वेळ मागे जात असेल तर घाबरू नका, बॅटरीचा सेल बदलला की झालं. मॉनिटर मात्र १७ इंची चौकोनीच घ्या. त्याचं १२८० बाय १०२४ रिझोल्यूशन या गेमला चालतं, चित्र ताणलं जात नाही. आणि त्या एक्सपीला इंटरनेट दाखवू नका. त्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपलाय.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? २०१९ ला डेफिनिटिव्ह एडिशन आली, ती घ्या. जरूर घ्या, छान आहे. घरबसल्या जगभरातले गडी मिळतात. पण आपल्याला नेमकं काय परत हवंय, हे एकदा स्वतःला विचारा. तो गेम, की बाजूच्या खुर्चीवरून "अरे, माझी गावं जाळू नकोस रे!" असं ओरडणारा भाऊ?

मला विचाराल तर दुसरं. म्हणून माझा सल्ला असा, की एका 'गेमिंग' मशीनच्या पैशात अशी दोन साधी मशिनं घ्या, एक स्वस्तातला स्विच आणि दोन केबली. हा गेम लॅनवर आठ जणांपर्यंत खेळता येतो, दोघांचं काय घेऊन बसलात! दोघंही आता चाळिशीला आले असतील, नोकऱ्या वेगळ्या, शहरं वेगळी. दिवाळीत चार दिवस भेटतात, तेव्हा जो तो आपल्या मोबाईलमध्ये.

रॅम नंतरही वाढवता येते. दुसऱ्या खुर्चीचं आधी बघा.