परवाना नसलेली वीज कंपनी

भिवंडीत २००७ पासून, मालेगाव आणि मुंब्रा-कळव्यात २०२० पासून महावितरणची वीज खासगी फ्रँचायझी वाटते. बिल, वसुली, जोडणी तोडणे, सगळे तिच्याच हाती. आणि २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १४ नुसार तिला राज्य वीज नियामक आयोगाचा परवानाच लागत नाही! आयोगापुढे जबाबदार महावितरण, दारात पक्कड घेऊन येणारा दुसराच. वीजचोर म्हणून बदनामी मात्र अख्ख्या मोहल्ल्याची.

आमचे पुढारी मोर्चा काढतात, निवेदनाचा फोटो छापतात. माझा त्यांना सवाल आहे : दरवाढीआधी कलम ६४ प्रमाणे आयोग जनतेच्या हरकती विचारात घेतो, तेव्हा तुमचा एक तरी कागद तिथे गेला का? फ्रँचायझीला थेट आयोगाच्या परवान्याखाली आणा, ही मागणी तुमच्या एकाही निवेदनात मला का दिसत नाही?