कण्हेरीची छाटणी : अर्धे काम आणि पुरे काम

रामटेक परिसरातील परसबागांत कण्हेरीचे झुडूप जुन्या ओळखीचे आहे. वैशाखाच्या उन्हात, जेव्हा विहिरीचे पाणी तळाला जाते, तेव्हाही ते हिरवे राहते आणि देवपूजेला फुले देते. अशा झुडपाला कात्री लावणे अनेकांच्या जिवावर येते. परंतु ही माया त्याच्या हिताची नाही.

कण्हेरीची फुले नव्या फुटीच्या शेंड्यावर येतात. छाटणी न झाल्यास खोड खाली उघडे पडते, बहर वर सरकतो आणि फांद्या कुंपणाबाहेर लवून जनावरांच्या तोंडाशी येतात. म्हणून थंडी ओसरताच, माघ-फाल्गुनात, जुन्या खोडांपैकी सुमारे एक-तृतीयांश बुडापासून काढावीत. उरलेल्या फांद्या पेराच्या किंचित वर कापाव्यात. या झुडपाच्या बहुतेक पेरांवर तीन-तीन पाने असतात. त्यामुळे एका कापापासून बहुधा तीन फुटवे निघतात. तीन वर्षांत सारे झुडूप नवे होते. ऐन उन्हाळ्यात मात्र मोठी छाटणी टाळावी. उघडी पडलेली साल उन्हाने भाजते.

येथवरचे काम पुष्कळजण नीट करतात. खरा प्रमाद त्यानंतर घडतो. छाटलेल्या फांद्या गोठ्यामागे किंवा उकिरड्यावर टाकल्या जातात. कण्हेरीचे मूळ, साल, पान, फूल, सर्वच विषारी असून ते विष हृदयावर आघात करते. ओले पान कडू म्हणून गुरे सहसा टाळतात. वाळल्यावर कडूपणा कमी होतो, विष मात्र कायम राहते. वैरणीत मिसळलेली मूठभर पानेही मोठ्या जनावराच्या जिवावर बेतू शकतात. फांद्या जाळणे हाही उपाय नव्हे, कारण तिचा धूर अपायकारक असतो.

यास्तव छाटण मोजून गोळा करावे आणि गुरे व मुले पोहोचणार नाहीत अशा जागी खोल पुरावे. चीक अंगास लागू देऊ नये. हात व हत्यार धुवावे. जनावराने पाला खाल्ल्याची शंका येताच घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकास बोलवावे.

झुडूप उपटून टाका, असे म्हणणारेही आहेत. ते मत ग्राह्य धरण्याचे कारण नाही. अल्प पाण्यावर बारमाही फुलणारे झाड दोषी नसते. दोष निष्काळजीपणाचा असतो. छाटणी हे अर्धे काम होय. छाटणाची विल्हेवाट लागली म्हणजे ते पुरे होते.