'शेख'चे स्पेलिंग आणि परत आलेला चेक

यंदा अब्बांचा कापसाचा चेक परत आला. खात्यात पैसे होते, सहीही बरोबर होती. व्यापाऱ्याने 'शेख'चे इंग्रजी स्पेलिंग आधी एक लिहिले, मग त्यावरच गिरवून दुसरे केले आणि शेजारी सही ठोकली. बीडच्या बाजारात वर्षानुवर्षे असेच चालायचे.

सीटीएस पद्धतीत चेकचा कागद बँकेतून बँकेत फिरत नाही, त्याचे चित्र जाते. चित्रावरून दुरुस्ती खरी की बनावट, कसे कळणार? म्हणून १ डिसेंबर २०१० पासून अशा चेकवर नाव आणि रकमेतली खाडाखोड चालत नाही. मुदतीसाठी तारीख बदलण्याची तेवढी सूट आहे. नियम योग्यच आहे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर ठरलेल्या वेळेत टाकलेल्या चेकचा निकाल त्याच दिवशी संध्याकाळी सातपर्यंत लागतो. 'दोन दिवसांनी पैसे भरतो' म्हणत चेक फाडणाऱ्यांची पंचाईत झाली, कास्तकाराचे भलेच झाले.

माझी तक्रार वेगळी आहे. आधारवर आमचे स्पेलिंग एक, पासबुकावर दुसरे. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे 'मो.' एवढाच. (रेशन कार्डाचे तर विचारूच नका.) मराठीत मात्र 'शेख' एकाच तऱ्हेने लिहितात. आणि चेक मराठीत लिहायला रिझर्व्ह बँकेची मुभा आहे! हे काउंटरवर कोण सांगतो? बँकांनी ही पाटी दारातच लावायला हवी.

दुसरा चेक आणताना मी व्यापाऱ्याला म्हटले, "शेठ, मराठीत लिहा." तो आधी हसला, मग लिहिला. त्याच संध्याकाळी अब्बांच्या मोबाईलवर मेसेज आला.