दोष दाराचा की पंपाचा?

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ फार आधी घातले तर तिला पाणी सुटते, म्हणून घरोघरी ते पाने वाढण्याच्या वेळीच घालतात. जिकडे मीठ अधिक, तिकडे पाणी ओढले जाते. परासरणाच्या धड्यात तुम्ही हेच शिकता. हा धडा नीट पचला असेल, तर फुप्फुसांविषयी हल्ली सर्रास केले जाणारे एक विधान तुम्हाला खटकायला हवे. ते विधान असे: पेशीपटलात पाण्यासाठी खास प्रथिनांचे मार्ग असतात आणि ते बिघडले की फुप्फुसांत पाणी साठते. ऐकायला हे सोपे वाटते. पण माझ्या मते हा चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार आहे.

आधी थोडी रचना पाहू. आपल्या फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश असतात. ते सगळे उलगडून पसरले, तर बॅडमिंटनच्या एकेरी सामन्याच्या मैदानाएवढी, म्हणजे सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. वायुकोशातील हवा आणि केशवाहिन्यांतील रक्त यांच्यामधला पडदा पुष्कळ ठिकाणी अर्ध्या मायक्रोमीटरहूनही पातळ असतो. एवढ्याशा पडद्याच्या एका अंगाला रक्त वाहते आणि दुसऱ्या अंगाला जेमतेम ओल असते, हेच मुळात नवल! ही ओल वाढून वायुकोश पाण्याने भरू लागले की त्याला फुप्फुसशोफ म्हणतात. (आपण ‘छातीत पाणी झाले’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा ते पाणी फुप्फुसाबाहेरच्या आवरणात साठलेले असते आणि डॉक्टर ते सुईने काढतात. ते प्रकरण वेगळे. वायुकोशांत शिरलेल्या पाण्यापुढे सुईचे काही चालत नाही.)

आता त्या प्रथिनांकडे वळू. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे पीटर ॲग्रे हे रक्तातील ऱ्हीसस घटकाचा अभ्यास करीत होते. त्या ओघात त्यांना तांबड्या पेशींच्या पटलात एक अनोळखी प्रथिन विपुल प्रमाणात आढळले. ते कशासाठी आहे, हे १९९२ साली एका सुंदर प्रयोगाने कळले. त्या प्रथिनाचा आनुवंशिक संदेश बेडकाच्या अंड्यांत टोचला आणि ती अंडी शुद्ध पाण्यात ठेवली. साधी अंडी जशीच्या तशी राहिली, संदेश टोचलेली मात्र भराभर फुगून फुटली. या प्रथिनाचे नाव पुढे ॲक्वापोरिन-१ पडले आणि २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ॲग्रे यांना रॉडरिक मॅकिनन यांच्याबरोबर विभागून मिळाले. अशा एका मार्गातून सेकंदाला सुमारे ३ अब्ज पाण्याचे रेणू जातात. क्षारांचे आयन मात्र त्यातून जात नाहीत. ही गोष्ट ध्यानात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

हे मार्ग फुप्फुसांतही सापडले. केशवाहिन्यांच्या भिंतीत ॲक्वापोरिन-१ आणि वायुकोशाच्या पातळ पेशींत ॲक्वापोरिन-५. बस्स! पाणी साठण्याच्या जागीच पाण्याची दारे सापडल्यावर आणखी पुरावा हवा कशाला? शिवाय काही आजारी फुप्फुसांत या प्रथिनांचे प्रमाण बदललेलेही दिसले. पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर दोष कावळ्याला द्यायचा काय?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रयोगशाळांत ॲलन व्हर्कमन, मायकेल मॅथे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न सरळ उंदरांनाच विचारला. ही प्रथिने जन्मतःच नसलेले उंदीर त्यांनी तयार केले. यांपैकी एक प्रथिन नसले की पडद्यातून परासरणाने पाणी जाण्याची क्षमता सुमारे दहावा हिस्सा उरली, आणि दोन्ही नसली की सुमारे तिसावा. म्हणजे दारे खरीच बंद झाली होती. पण वायुकोशांत मुद्दाम सोडलेले पाणी शोषून घेण्याचा वेग बदलला नाही आणि फुप्फुसांना इजा केल्यावर साठणारे पाणीही कमीजास्त झाले नाही!

भौतिकशास्त्राचा शिक्षक म्हणून मला यात आश्चर्य वाटत नाही. १००० ओहम आणि १ ओहम असे दोन रोध एकसर जोडा. आता १ ओहमच्या जागी ३० ओहमचा रोध घाला. एक रोध तीसपट झाला, पण विद्युतप्रवाह फार तर ३ टक्क्यांनी घटेल. या मंडलातला १००० ओहमचा रोध म्हणजे फुप्फुसातला सोडियमचा पंप. वायुकोशाच्या पेशी सोडियमचे आयन एका बाजूने आत घेतात आणि दुसऱ्या बाजूने ऊर्जा खर्चून बाहेर ढकलतात. पाणी त्या मिठामागून निमूटपणे जाते, कोशिंबिरीतल्यासारखे. हे काम संथ आहे, त्यामुळे दारे थोडी असली तरी भागते. उलट लाळेच्या ग्रंथीत पाणी भराभर यावे लागते. तिथे ॲक्वापोरिन-५ नसलेल्या उंदरांची लाळ निम्म्याहूनही कमी झाली. दार तेच, पण गर्दी वेगळी.

पंपाचे महत्त्व किती, ते १९९६ च्या एका प्रयोगात दिसले होते. पेशीत सोडियम आत घेणाऱ्या मार्गाचा एक आवश्यक भाग नसलेली उंदरांची पिले जन्मानंतर दोन दिवसांच्या आतच दगावली. गर्भात असताना फुप्फुसांत भरलेले पाणी त्यांना ओसरवता आले नाही. ॲक्वापोरिन-५ वाचून जन्मलेली पिले मात्र जगतात.

मग पाणी येते कोठून? अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ सालीच याचा पाया घातला. रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो आणि रक्तातील प्रथिने ते आत ओढतात. फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत दाब पाऱ्याच्या सुमारे ७ ते १० मिलिमीटर असतो आणि प्रथिनांची ओढ साधारण २५ ची. हृदयाची डावी बाजू थकली की मागे दाब तुंबतो, आणि तो २५ च्या पुढे गेला की पाणी झिरपू लागते. जंतुदोषात दाब वाढला नाही तरी भिंतच फाटते. दोन्ही प्रकारांत साठलेल्या पाण्यात क्षार असतात आणि प्रथिनेही असतात. मघाशी ध्यानात ठेवायला सांगितले ते इथे आठवा: ज्या दारातून मिठाचा कणही जात नाही, त्यातून हा सारा माल आला कसा? तो पेशींमधल्या सांध्यांतून आलेला असतो.

पंप हेच सर्वस्व, असेही माझे म्हणणे नाही. पंपाला चालना देणारे सालब्युटामॉल अत्यवस्थ रुग्णांच्या शिरेतून देऊन पाहण्याची ब्रिटनमधील चाचणी थांबवावी लागली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार औषध घेणाऱ्यांतच मृत्यू अधिक झाले होते. आणि दारे अगदीच निरुपयोगी आहेत, असेही नाही. जगात काही मोजकी माणसे ॲक्वापोरिन-१ वाचून जगतात. त्यांच्या शिरेतून वेगाने क्षारजल दिले असता, इतरांच्या श्वासनलिकांच्या भिंती फुगतात तशा त्यांच्या फुगल्या नाहीत, असे २००२ साली दिसून आले. ही भिंतींची सूज आहे, वायुकोश भरणे नव्हे. तरी हा दुवा अजून सुटायचा आहे.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. ‘काही फरक पडला नाही’ असे सांगणारे प्रयोगही वर्गात शिकवा. ते पाठ्यपुस्तकात सहसा शिरत नाहीत, कारण त्यांवर ‘कार्ये लिहा’ हा दोन गुणांचा प्रश्न काढता येत नाही. त्याऐवजी असे विचारून पाहा: ॲक्वापोरिन-५ नसलेल्या उंदराची लाळ आटली, मग त्याची फुप्फुसे कोरडी कशी राहिली? उत्तरात ओहमचा नियम वापरणाऱ्या मुलाला जीवशास्त्राच्या पेपरात पूर्ण गुण द्या.